शेंद्री ओळ

तेवीस नावं, दोन रंग आणि एकटी अश्विनी! चौदा ऑगस्टच्या दुपारी तिने ब्रश खाली ठेवला, चार पावलं मागे सरली आणि कमरेवर हात ठेवून आपलं काम बघितलं. दरवर्षी याला नववीतल्या सहा पोरी लागायच्या. यंदा बाईंनी विचारलं, "कोण कोण येणार?" तर हिने ठणकावून सांगितलं, "बाई, मी एकटीच बास!" तालुक्याला वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिला जगातलं सगळंच एकटीने जमेल असं वाटायला लागलं होतं.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. एसटीच्या थांब्यासमोर तो काळा दगड उभा आहे. वाडीतला कुणी फौजेत भरती झाला की त्याचं नाव दगडावर कोरायचं. पावसाने रंग धुपतो, म्हणून झेंड्याच्या आदल्या दिवशी अक्षरं पुन्हा भरायची. जे परत आले किंवा अजून नोकरीत आहेत, ते पांढरे. जे आलेच नाहीत, ते शेंद्री. शेंद्री फक्त पाच. बाईंनी दिलेली यादी दप्तरातच राहिली होती. कशाला हवी? पाठ तर होतं सगळं. अश्विनीने खाली फतकल मारून खालूनच सुरुवात केली होती आणि मोजून पाच ओळी शेंद्री केल्या होत्या.

तिची मैत्रीण प्रेरणा भाजलेलं कणीस खात आली. "भारी झालंय गं!" ती म्हणाली. मग तिचा दाणे सोलणारा हात थांबला. "पण सोमादादाला शेंद्री का केलंस?"

"कुणाला?"

"ती काय, सगळ्यात खालची ओळ."

अश्विनीने वाकून वाचलं. सोमनाथ हनुमंत पारठे.

दगडावर सोमनाथ दोन होते. वरून चौथी ओळ सोमनाथ रखमाजीची, ते एकाहत्तरच्या लढाईत गेले. खालची त्यांच्या नातवाची, आजोबांचंच नाव ठेवलेला सोमादादा. चोवीस वर्षांचा, सीमेवर नोकरीला असलेला, अश्विनीला सायकल शिकवताना स्वतःच ओढ्यात पडलेला. सोमनाथ म्हणजे शेंद्री, एवढंच तिच्या डोक्यात पक्कं होतं.

"नऊ दिवस झाले, त्याचा फोन लागत न्हाई," प्रेरणा हळूच म्हणाली. "धोंडाआजी आन हनुमंतकाका आज भोरला गेलेत, त्या रिटायर सुभेदारांकडं चौकशीला. पाचच्या एसटीनं येतील."

"किती वाजले?"

"पावणेपाच."

धोंडाआजी म्हणजे थोरल्या सोमनाथांची बायको. आजीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ओळी माहीत होत्या आणि रंग वाचता येत होता. त्या साली निरोप सरपंचांकडे आला होता आणि आजीला सांगायची कुणाचीच छाती झाली नव्हती. सव्वीस जानेवारीसाठी दगड रंगवणाऱ्याने मात्र आपलं काम चोख केलं. विहिरीवर निघालेल्या आजीने ओळ बघितली आणि घागर तिथंच टाकली. ही गोष्ट वाडीतल्या प्रत्येक पोराने ऐकलेली होती.

अश्विनीने ओढणीने रंग पुसायला घेतला. तो अक्षरांतून निघेना, उलट दगडभर पसरला. तिने वरून पांढरा मारला, तर ओळ गुलाबी झाली आणि गुलाबीतून पुन्हा शेंद्री वर आला. आपण रंगवलं म्हणून तिकडे काही... नाही, असं कुठं असतं! विज्ञानात पैकीच्या पैकी मिळवणारी पोरगी ती. तरीही... फोन खरंच का लागत नसेल?

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

प्रेरणा कणीस टाकून पळाली. अश्विनी दगडाला पाठ लावून, पाय फाकून उभी राहिली.

धोंडाआजी आधी उतरली. हनुमंतकाका टपावरून पिशव्या काढायला मागे गेले.

"काय गं, दगड पळून जाईल म्हून धरलाय व्हय?"

"रंग ओला हाय आजी. तुमी उद्या बघा."

"माझ्या फौजीला बघू दे की. सुभेदार म्हनले, काळजी नका करू. लोकं काळजी नका करू कधी म्हनत्यात, ते म्या वळखते." नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ती नातवाला फौजीच म्हणायची. "सर बाजूला."

"आजी, नको ना!"

आजीने तिचा खांदा धरून तिला सरकवलं. म्हातारीच्या हातात ताकद केवढी! मग ती बघत राहिली. चिखलातच खाली बसली.

"आजी, माझी चूक झाली! यादी दप्तरात राहिली, मी चुकून रंगवलं. देवाशप्पत!"

"तवाबी असंच म्हनले," आजी दगडाकडे बघतच बोलली. "चुकून रंग लागला, धोंडे. तीन दिवस समदे हेच म्हनत व्हते. सरपंच, सासरा, समदे. खरं सांग, कुनाचा फोन आला?"

"कुणाचाच न्हाई!"

"मग रडतीस कशाला?"

अश्विनी खरं तेच सांगत होती आणि खोटं बोलणारेही अगदी तेच बोलले होते. आता हनुमंतकाका येतील, ते बघतील, मग सगळी वाडी. तिने आधारासाठी दगडावर हात टेकला, आणि तेव्हा तिला दिसलं.

मोजून पाच. पाचातला एक खाली गेला, म्हणजे...

"आजी! वर बघा! चौथी ओळ!"

आजीने मान वर केली. चौथी ओळ पांढरीशुभ्र होती.

"आजोबांना मी पांढरं केलंय! म्हणजे गल्लत केलीय ना मी दोघांची! कुणी सांगून रंगवलं असतं, तर आजोबांची ओळ कशाला बदलली असती? सांगा ना!"

आजी उठली. तिने बोटाने पांढरी ओळ चाचपली. बोट पांढरं झालं. ते ती किती वेळ बघत होती.

"चौपन्न वर्सं झाली," ती म्हणाली. "आज आनलंस व्हय गं ह्यास्नी परत?" आणि तिला हसू फुटलं. "बावळट कुठली! आन म्हनं भाषानं करती!"

मग आजीने अंबाड्यातला आकडा काढला, खालच्या ओळीपुढे बसली आणि अक्षरातला रंग खरवडायला लागली.

"बसून बघतीस काय? चिंधी आन. अंधाराच्या आत ह्याचा कन ऱ्हाता कामा नये."

"आणि चौथी?"

"ती सकाळी कर. झेंड्याच्या आधी." आजीने मान वर केली नाही. "आज ऱ्हाऊ दे."

दोघी खरवडत बसल्या. शेंद्री रंग दोघींच्या नखांत भरला. आजीच्या कमरेच्या पिशवीत मोबाईल होता. अश्विनी दर थोड्या वेळाने तिकडे बघत होती आणि आजीही बघत होती. तो वाजत नव्हता.