कोठीतली क्लॅरिनेट

हरिप्रसाद विचारायला आला तेव्हा माझं मौन चालू होतं. सूर्य मावळला की जपाच्या अकरा माळा पुऱ्या होईपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षांपूर्वी माझा बाला तापात बेशुद्ध पडला होता, तेव्हा विठ्ठलाला बोललेलं हे व्रत. बाला उठला, आता चेन्नईत नोकरीला आहे. व्रत एक दिवस चुकलेलं नाही.

“गोदाक्का, तुमच्या क्लॅरिनेटसाठीच लिहिलंय,” हरिप्रसाद म्हणाला. कॉलेजात संगीत शिकवतो तो. त्याच्या आत्याने लिहिलेली एक कथा आहे: लग्नघरात एक बाई चुकून कोठीत कोंडली जाते, आणि बाहेर नागस्वरांचा गजर एवढा, की तिची हाक कुणाला ऐकूच येत नाही. त्यावरून त्याने तीस फुंकवाद्यांची रचना बांधली होती. एकोणतीस वाद्यं म्हणजे लग्न, माझी एकटी क्लॅरिनेट म्हणजे ती बाई.

“शेवटी सगळे गप्प होतील. तुम्ही वाद्य खाली घेऊन म्हणायचं, दार उघडा. त्याशिवाय रचना संपत नाही, अक्का.”

मी माळ ओढत राहिले. वाजवायला हरकत नव्हती. पण कार्यक्रम संध्याकाळचा, बोलायचं कसं?

“म्हणेल की!” माझ्याऐवजी आमचे हे बोलले. “तिला काय विचारायचं? रोज गप्पच असते, साठलेत भरपूर शब्द.”

माझ्या माळा संपेपर्यंत हे सगळ्या गल्लीला सांगून आले होते. दुसऱ्या दिवशी हरिप्रसादला मी एवढंच म्हणू शकले, “माझं वाजवणं ऊन असेतो उरकून टाक रे बाबा.”

“पहिलंच ठेवतो.”

पण कार्यक्रमाच्या दिवशी प्रमुख पाहुणे चोळपुरमहून यायचे होते, आणि ते आल्याशिवाय समई लागेना. खिडकीतून गोपुर दिसत होतं. ऊन कळसापर्यंत चढलं आणि तिथून गेलं. तेव्हा कुठे पाहुण्यांची गाडी आली.

वाजवायला बसलो. उजवीकडे ट्रॉम्बोन, डावीकडे सॅक्सोफोन, उठून जायला वाट नाही. मी हाक मारावी आणि एकोणतीस जणांनी ती बुडवावी, असं बारा मिनिटं चाललं. मग सगळे थांबले.

मी क्लॅरिनेट मांडीवर घेतली. हरिप्रसादचा हात वर तसाच. कुणी टाळी वाजवेना. मला बाला दिसत होता, तापाने लाल झालेला.

पहिल्या रांगेतून ह्यांनी भुवया उडवल्या. “म्हण की!” मी ओठ मिटून बसले. हे घसा खाकरून खुर्चीत पुढे सरकले आणि ह्यांनी तोंड उघडलं. माझं ते वाक्यही माझ्या वतीने हेच म्हणून टाकणार होते.

“दार उघडा,” मी म्हणाले.

आवाज हळूच निघाला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा. हे दचकून मागे वळले आणि सभागृहाच्या दाराकडे बघत राहिले. ते सताड उघडंच होतं.

टाळ्या सुरू झाल्या. मी खुर्चीखालच्या पिशवीत हात घालून फोन चाचपत होते, बालाला लावायला.