मेडिकलपुरती गोळी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. नवनाथ नावाच्या माणसाच्या यकृतात मी सहा वर्षं राबले. नवनाथ मूळचा बीडकडचा. बायको स्वरूपा आणि तेरा वर्षांची हर्षाली यांच्यासोबत तो भोसरीत भाड्याच्या खोलीत राहायचा आणि चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर प्रेस मशीन चालवायचा. तुम्ही म्हणाल, डोळ्यांना दिसतही नाही ती काय स्वतःची कहाणी सांगणार! पण ऐका. माझ्याकडे वेळ थोडा उरलाय.

माझं काम रक्तातली चरबी उचलण्याचं. कोलेस्टेरॉलचे बारीक कण रक्तातून वाहत येतात. माझ्या अंगावरच्या पातळ पडद्यावर त्यांना धरणारे इवले हात असतात. कण हाती लागले की पडदा तिथे आत दबतो. आतल्या बाजूने तीन-तीन पायांची प्रथिनं एकमेकांत पाय गुंतवून जाळी विणतात. त्या जाळीच्या आधाराने खळगा खोल होतो, त्याचं तोंड आवळलं जातं आणि कणांसकट एक छोटीशी पिशवी सुटून माझ्या पोटात येते. मग जाळी उसवते, ती पुढच्या पिशवीला लागते. हातही कण सोडून पुन्हा पडद्यावर हजर! अशा किती खेपा झाल्या, देव जाणे.

पण माझे निम्मे हात पहिल्यापासून निकामी होते. हा दोष नवनाथला त्याच्या वडिलांकडून आलेला. ते बेचाळिसाव्या वर्षी जेवता जेवता गेले, आणि का गेले ते घरात कुणालाच कळलं नाही. जे कण मला उचलता यायचे नाहीत, ते रक्तात फिरत राहायचे आणि हृदयाच्या नळ्यांना आतून लिंपत जायचे.

कंपनीच्या दरवर्षीच्या मेडिकल तपासणीत हे सापडलं. डॉक्टरांनी गोळी दिली. रोज एक, आणि कायमची. काय सांगू तिची करामत! ती आली की माझं स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं मंदावायचं. मग बाहेरून जास्त आणावं लागायचं, म्हणून मी धडधाकट हात वाढवायचे. दीड महिन्यात रिपोर्ट सुधारला. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास!" मित्रांनो, ती शाबासकी माझी होती.

आणि तिथेच घात झाला.

"रिपोर्ट क्लियर आला, भावा," नवनाथ शेजारच्या मशीनवरच्या बुद्धभूषणला म्हणाला. "आता मेडिकलच्या आधी महिनाभर गोळी खायची, बास."

"राव, ती गोळी रिपोर्टसाठी नाही, तुझ्यासाठी आहे."

"अनफिट निघालो तर गेटपास जाईल. मला रिपोर्टच पाहिजे."

चार वर्षं हेच चाललं. महिनाभर गोळी, अकरा महिने काही नाही, आणि दरसाल कागदावर 'फिट'चा शिक्का. मी चिडायचे, रडायचे, पण माझा आवाज रक्ताबाहेर जातो कुठे?

आज पहिल्या शिफ्टला, नाष्ट्याचा डबा उघडता उघडता नवनाथ कोसळला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच्या डब्याच्या पिशवीत गोळ्यांच्या तीन पट्ट्या निघाल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती. पुढच्या मेडिकलसाठी जपून ठेवल्या होत्या त्याने.

आता रक्त थांबलंय. माझे हात पसरलेलेच आहेत, पण काही वाहून येत नाही.

मघाशी डॉक्टर स्वरूपाला म्हणाले, "ताई, हे घराण्यातून येतं. मुलीचं रक्त तपासून घ्या."

ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "तिला काय झालंय, डॉक्टर? लेकरू चांगलं ठणठणीत हाय की."

मित्रांनो, हर्षालीच्या यकृतातही माझ्यासारख्या पेशी राबत आहेत. त्यांचे निम्मे हात निकामी असतील, नसतीलही; तपासल्याशिवाय कळणार नाही. आम्ही जमेल तेवढं उचलतो हो. उरलेल्यासाठी आम्हाला मदत लागते, आणि ती रोज लागते. हे स्वरूपाला कुणीतरी सांगा.

नवनाथही आज सकाळपर्यंत ठणठणीतच होता.