पान एकतीस

पुस्तिकेच्या पाठीवरच्या दोन पिनांपैकी खालची गंजली होती आणि तिच्याभोवती कागदावर तपकिरी डाग पडला होता. सुप्रभा बसच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर बसून तो डाग अंगठ्याच्या नखाने खरवडत होती, आणि तो निघत नव्हता. बत्तीस पानं. मुखपृष्ठावर माडाचं झाड, त्याखाली इंग्रजीत छापलेलं : हवाई बेटांवरची बाळांची नावं, अर्थासहित. तीन वर्षांपूर्वी, लग्नानंतर फिरायला गेले असताना, मंजिरी आणि कॉलिनने होनोलुलूच्या कुठल्याशा दुकानातून ती गंमत म्हणून उचलली होती. काल संध्याकाळी मंजिरी उशीवरून मान न उचलता म्हणाली, "आई, माझ्या बेडजवळच्या ड्रॉवरमध्ये तो छोटा बुक आहे. उद्या आण ना. सिस्टर नाव विचारत होती."

सिस्टर नाव विचारत होती.

बस इंग्लंडमधल्या रीडिंग गावाच्या स्टेशनवरून वळली. काचेवर आतून ओल धरली होती, बाहेर फेब्रुवारीतली, सकाळी दहालाच संध्याकाळ वाटावी अशी सकाळ. सुप्रभाच्या मांडीवरच्या पिशवीत डब्यात मऊ भात होता, फ्लास्कमध्ये तूप घातलेलं वरण होतं, चार डिंकाचे लाडू होते. बाळंतिणीचं सगळं होतं... एकोणतीस वर्षं तिने या देशात नर्सची नोकरी केली, त्यातली अकरा नवजात बाळांच्या वॉर्डात. 'नाव ठरलंय का? नाव असलं की बरं असतं' — हे वाक्य तिने स्वतः किती आयांना म्हटलं होतं, याच हलक्या आवाजात, चादरीचा कोपरा नीट करता करता. ज्यांची बाळं बरी होती त्यांना कोणी घाईने विचारत नसे. नोंदणीला कायद्याने सहा आठवडे मिळतात. विचारायचं ते डॉक्टर बाजूला येऊन हळू बोलून गेले की. कारण बिननावाचं मूल गेलं तर आईला नंतर कोणाला हाक मारून रडावं ते कळत नाही.

नातीचा आज चौथा दिवस. एकोणतिसाव्या आठवड्यात पोट फाडून काढलेली, एक हजार नव्वद ग्रॅम. काल एक हजार वीस. वजन पहिल्या आठवड्यात उतरतंच, हे सुप्रभाला माहीत होतं. ऑक्सिजन चाळीस टक्क्यांवरून पंचावन्नवर नेला होता, त्याचाही अर्थ तिला माहीत होता. माहीत असण्याचा चार दिवसांत काही उपयोग झाला नव्हता.

तिने पुस्तिका उघडली. माकाना, म्हणजे भेट. कालेआ, म्हणजे आनंद. केओला, जीवन. पानामागून पान फुलं, वारे, आकाश, पहाटेचा पाऊस. त्या बेटांवर कोणी आजारीच पडत नसावं अशी नावं. आणि मग शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक टाइपात, जुन्या चालीरीतींबद्दल दहा-बारा ओळी. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे पूर्वी बाळाला मुद्दाम घाणेरडं नाव देत. पुपुका, म्हणजे कुरूप. पिलाऊ, म्हणजे दुर्गंध. बाळावर डोळा ठेवून असलेलं जे काही असेल ते ऐकून नाक मुरडून निघून जाई. मूल धडधाकट झालं की नाव बदलत.

तिने पुस्तिका मिटली. पुन्हा उघडली. पान एकतीस.

धोंडी.

कोणी हाक मारली नव्हती. तासगावजवळ सुप्रभाच्या माहेरी आधीचे तीन मुलगे गेले, म्हणून चौथी जगावी यासाठी तिला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं होतं आणि नाव ठेवलं होतं धोंडी. शाळेच्या हजेरीत धोंडी. मिरजेच्या नर्सिंगच्या वर्गात, नाव पुकारलं की मागच्या बाकावरून येणारं हसू... लग्नात शशिधरने ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुप्रभा' लिहिलं, तेव्हा बाकीच्या नवऱ्या रडतात तशी ती रडली नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. ती सुटली, बोटीत बसली, आणि एकोणसाठ साली लंडनच्या एजवेअरमधल्या दोन खोल्यांत तिला मुलगा झाला. पुरे दिवस, तीन किलो. उदय. आईचं निळं पत्र आलं : 'नाव धोंडू ठेव. पुढे बदल. एवढं ऐक माझं.' ते पत्र तिने शशिधरला वाचून दाखवलं, आईच्या गावंढळ हेलात, नाकातून, आणि दोघं हसले. ती जास्त हसली.

एकविसाव्या दिवशी उदय गेला. हृदयात भोक होतं. रिपोर्टात तसं स्पष्ट लिहिलं होतं, आणि कुठल्याही नावाने हृदयातलं भोक बुजत नाही हे ती बत्तीस वर्षं, रोज, न चुकता स्वतःला सांगत आली होती. मंजिरीला एवढंच ठाऊक होतं की आपल्याआधी एक भाऊ होता. शशिधरही आता नव्हता. पत्राबद्दल जाणणारी ती एकटीच उरली होती.

ती वॉर्डात पोचली तेव्हा मंजिरीला ताप होता. तापात बाळाच्या कक्षात सोडत नाहीत, म्हणून सकाळपासून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने दोन घास भात खाल्ला आणि डबा सारला.

"तू वाच. मला अक्षरं हलतात."

सुप्रभा वाचत गेली. एकतिसावं पान तिने तिसाव्यासोबत उलटलं.

"आई, चीटिंग! दोन पानं उलटलीस. काय आहे त्यात?"

"जुनं काहीतरी आहे."

"वाच ना."

तिने वाचलं. वॉर्डातल्या रजिस्टरमधल्या नोंदी वाचाव्यात तशा आवाजात, एक शब्द न गाळता.

"पिलाऊ?" मंजिरी हसली आणि तिने टाक्यांवर हात दाबला. "ओ गॉड, हसवू नको. पिलाऊ हार्डिंग! कॉलिन म्हणेल, मग रायता पण पाहिजे." मग हसू थांबलं. "पण हॉरिबल आहे ना? बाळाला असं कोण बोलतं? पुअर थिंग्ज. मोठं होऊन त्यांना काय वाटत असेल?"

सुप्रभाने फ्लास्कचं झाकण घट्ट केलं.

"तुझी नाव कोणी ठेवली?" मंजिरीने तिच्या इथे वाढलेल्या, मोडक्या मराठीत विचारलं. तापाने डोळे चकाकत होते.

"तुझ्या बाबांनी. लग्नात, तांदळात लिहून."

"सो सेक्सिस्ट. आणि त्याच्या आधी काय होती?"

पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा नवरा फुलांचा कागद चुरगळत होता. तो चुरगळून, टोपलीत टाकून, परत येऊन बसला.

"आठवत नाही," सुप्रभा म्हणाली.

"आई! स्वतःची नाव आठवत नाही?"

"फार वर्षं झाली."

मंजिरीने तिच्याकडे बघितलं. आणखी विचारायची ताकद नव्हती. "नोएलानी," ती म्हणाली. "स्वर्गातलं धुकं. मला तीच आवडली. कॉलिनला पण. तू जाऊन कार्डवर लिहिशील? मी जाऊ शकत नाही. तुझ्या हाताने लिही."

धुकं. ऊन आलं की ते कुठे जातं ते कोणी विचारत नाही... "छान आहे," सुप्रभा म्हणाली, आणि नाव खरंच छान होतं.

कक्षात तिने कोपरापर्यंत हात धुतले, जुन्या सवयीने दोनदा. काचेच्या पेटीवर पिवळं कार्ड चिकटवलेलं होतं : 'बेबी हार्डिंग', जन्मवेळ, वजन, आणि नावापुढे मोकळी ओळ. तरुण नर्सने पेन पुढे केलं. "नाव ठरलं का?" तिने विचारलं. तोच हलका आवाज. सुप्रभाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तो चेहरा कसा असतो हे तिला आतून माहीत होतं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

नर्स दुसऱ्या पेटीकडे गेली. पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा होता, एक्याण्णव. मग नव्वद. मग एक्याण्णव. मुलगी सोललेल्या फळासारखी लाल, डोक्यावर लोकरीची टोपी, नाकात नळी. सुप्रभाने बाजूच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि करंगळी त्या तळव्याखाली ठेवली. पेन दुसऱ्या हातात होतं, टोपण काढलेलं. माझा यावर विश्वास नाही, तिने स्वतःला सांगितलं. खरंच नव्हता. आईचाही पूर्ण होता की नाही, देव जाणे. तीन मुलगे पुरल्यानंतर बाईजवळ लिहायला दुसरं काय उरलं असेल? पत्रातला तो हेल... तो गावंढळ नव्हता. तो घाबरलेला होता. हे बत्तीस वर्षांत एकदाही कानावर पडलं नव्हतं.

ती पेटीच्या भोकाजवळ वाकली.

"धोंडे," ती म्हणाली. नाकातून, थेट आईसारखं. पण या वेळी नक्कल नव्हती.

एक्याण्णव. नव्वद. नव्वद. आकड्याला काही ऐकू आलं नव्हतं. कार्डावरची ओळ मोकळीच होती, आणि ती आत्ता लिहील, की उद्या सकाळी, की त्या आधी... ते तिला ठाऊक नव्हतं. फक्त एवढं झालं होतं की त्या हाकेला 'ओ' द्यायला कोणीतरी तिच्याच आत दचकून उभं राहिलं होतं, आणि आता बस म्हटलं तरी ते खाली बसत नव्हतं.