विल्को रोडचे एकशे पंचेचाळीस

आश्लेषा पेंढारकर मिशिगनमधल्या एका छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसात काम करायची. गरीब घरांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारकडून जो पैसा येतो, तो पाच प्राथमिक शाळांत नियमाप्रमाणे वाटायचा आणि नियमाप्रमाणेच खर्च झाला का ते बघायचं, हे तिचं काम. अकरा वर्षं ती ते करत होती. नागपूरच्या मैत्रिणींना ती "अनुदानाचं बघते" एवढंच सांगायची आणि त्यांना ते लगेच कळायचं.

शाळेतली शंभरातली किमान पस्तीस मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली असली, तर शाळेला हा पैसा मिळे. ज्यांच्या घरी सरकारी अन्नमदत चालू असते, त्यांची नावं राज्याकडून आपोआप येत. बाकीच्यांनी उत्पन्नाचा फॉर्म भरायचा. पूर्वी फॉर्म भरला की मुलाला दुपारचं जेवण फुकट मिळायचं, म्हणून लोक भरायचे. मग राज्याने सगळ्याच मुलांचं जेवण फुकट केलं. ते चांगलंच झालं, पण फॉर्म भरायचं कारण उरलं नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला विल्को रोडच्या शाळेत चारशे बारा मुलं होती. पात्र राहायला त्यांतली एकशे पंचेचाळीस लागत होती आणि यादीत एकशे अडतीस होती. मुदत महिनाअखेरची.

"मुलं तीच आहेत, आश," शाळेची सेक्रेटरी डेनिस फोनवर म्हणाली. "घरंही तीच आहेत. लोक फॉर्म पाठवतच नाहीत."

शाळा यादीतून गेली असती, तर पुढच्या वर्षी मिसेस कोवाल्स्कींची जागा गेली असती. त्या पहिली ते तिसरीच्या मुलांना चार-चारच्या गटाने वाचायला शिकवायच्या. पूर्वी जिथे खुर्च्या रचून ठेवायचे, त्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा. त्यांचा सगळा पगार या पैशातून निघत होता.

फॉर्म न आलेली सत्त्याण्णव घरं होती. आश्लेषा आणि डेनिसने यादी आडनावाच्या अक्षरांवरून अर्धी-अर्धी वाटून घेतली. आपल्या अर्ध्या यादीत आश्लेषाला दुसऱ्या पानावर नाव दिसलं. प्रीता कुळथे, इयत्ता दुसरी.

शंतनू आणि सुवर्णा कुळथे तिला महाराष्ट्र मंडळातून ठाऊक होते. शंतनू पुण्याचा. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आयटीत होता. मार्चमध्ये त्याची अख्खी टीम काढली गेली. गणपतीत सुवर्णा सगळ्यांना सांगत होती, "शंतनू आता कन्सल्टिंग करतो." त्यानंतर दोनच आठवड्यांनी आश्लेषा जवळच्या ट्रॉय गावातल्या इंडियन स्टोअरमध्ये पोहे घ्यायला गेली, तेव्हा सुवर्णा गरम जेवणाच्या काउंटरमागे केसांना जाळी लावून रोट्या पॅक करत होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं. सुवर्णाने पाठ फिरवली. आश्लेषा मुद्दाम लांबच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

आता हे घर उत्पन्नाच्या मर्यादेत बसतंय की नाही, हे तिला फॉर्मशिवायच माहीत होतं. पण असं माहीत असलेलं कागदावर चालत नाही आणि चालू नये, हे तिला पटत होतं. कुळथ्यांचं नाव डेनिसकडे द्यावं असं मनात आलं. मग वाटलं, बाकीच्या सगळ्यांना आपण फोन करतोय, यांनाच का टाळायचं? तिने फोन केला आणि इतरांना सांगत होती तेच सांगितलं. फोन सुवर्णाने उचलला होता.

"ताई, घरीच या ना. फोनवर नको."

आश्लेषा शनिवारी सकाळी गेली. दोन खोल्यांचं अपार्टमेंट नीटनेटकं होतं. प्रीता आतल्या खोलीत टीव्ही बघत होती. शंतनूच्या अंगात कुरिअर कंपनीचं जॅकेट होतं. तो शिफ्टला निघायच्या तयारीत होता, पण तिला बघून बसला.

"ताई, स्पष्टच विचारतो. तुम्हाला आमचं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ज्यांचे फॉर्म आले नाहीत त्या सगळ्यांना फोन करतेय. तुम्ही यादीत एकसष्ट नंबरला आहात."

"पण माझा पगार तुम्ही बघणार."

"मी नाही बघणार. तुम्ही फॉर्म डेनिसकडे द्या. ती तपासेल आणि मला फक्त आकडा कळवेल. मी तिला तसं आधीच सांगितलंय."

"म्हणजे आमच्या नावापुढे गरीब लागणार."

"नाव फाइलमध्ये राहतं, बाहेर जात नाही. शाळेत कुणाला कळत नाही. प्रीतालाही नाही."

शंतनूने जॅकेटची चेन वर ओढली. "दोन वर्षांनी सिटिझनशिपला अप्लाय करायचंय. तेव्हा हे निघालं तर?"

"हा फॉर्म तिकडे जात नाही. तुम्ही काही घेत नाही आहात, शंतनू. प्रीता आत्ताही तेच जेवण जेवते, जे सगळी मुलं जेवतात. यातून तुमच्या घरी एक डॉलर येणार नाही."

"मग आमच्याशिवाय करा ना तुमचा आकडा पूर्ण." तो उठला, बूट घातले, आणि "बसा तुम्ही, चहा घेऊन जा," म्हणून निघून गेला.

सुवर्णाने चहा ठेवला. ती ओट्याकडे तोंड करूनच बोलत होती.

"त्याला रोज घरातून निघताना वाटतं, कुणीतरी ओळखीचं बघेल. मंडळातल्या एकांच्या घरी पार्सल द्यायचं होतं, तर दुसऱ्या ड्रायव्हरशी रूट बदलून घेतला."

आश्लेषाने हे कुणाला फारसं सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशी सांगितलं. दोन हजार नऊमध्ये तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. तेव्हा त्यांची अनन्या पहिलीत होती. "असाच फॉर्म घरी आला होता. मी फाडून टाकला. सात महिने रोज शाळेतल्या जेवणाचे पैसे मोजून दिले. आपण कुणाचं घेत नाही, याचा मला अभिमान होता. शाळेची टीचर त्या कागदावर अवलंबून असते, हे मला ही नोकरी लागल्यावर कळलं."

"प्रीता त्या कोवाल्स्की मॅडमकडे जाते," सुवर्णा म्हणाली. "जूनपर्यंत अक्षरंच उलटी वाचायची. परवा मला दुकानातली पाटी वाचून दाखवली."

आश्लेषाने चहा संपवला. ती मिसेस कोवाल्स्कींचं नाव घेऊन फॉर्म मागायला आली नव्हती. तसं केलं असतं तर तिला स्वतःलाच आवडलं नसतं. तिने कोरा फॉर्म आणि पाकीट टेबलावर ठेवलं आणि ती निघाली.

बाकीच्या घरांनी बारा दिवस घेतले. कुणी फोन उचलला नाही, कुणी रागावलं, एका आजीने फॉर्म वाचून दाखवायला लावला आणि तिथेच सही केली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी आकडा एकशे त्रेचाळीसवर आला. तीन वाजता सुवर्णा स्टोअरच्या एप्रनवरच शाळेत आली. तिने डेनिसच्या हातात बंद पाकीट दिलं. सही तिची एकटीची होती. घरातल्या एका मोठ्या माणसाची सही पुरते.

डेनिसने ते तपासून मोजणीत धरलं आणि आश्लेषाला फोन केला. "एकशे चव्वेचाळीस. आणखी एका घरचा आलाय, पण ते घर मर्यादेच्या वर जातं. महिन्याला चाळीस डॉलरने. आश, मी त्यांना फोन करून विचारू का, की ओव्हरटाइम चुकून तर धरला नाही ना?"

आश्लेषाला मोह झाला. चाळीस डॉलर म्हणजे काहीच नव्हतं.

"त्यांनी लिहिलंय ना ओव्हरटाइम?"

"लिहिलंय."

"मग चुकून नाही. राहू दे."

चारशे बारामध्ये एकशे चव्वेचाळीस म्हणजे चौतीस पूर्णांक पंचाण्णव टक्के. अशा वेळी आकडा वर ढकलून पस्तीस करता येत नाही.

त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. सकाळी तिने नियमांची फाइल काढली. एक तरतूद होती, तिला ती माहीत होती, पण कधी वापरायची वेळ आली नव्हती. आदल्या वर्षी पात्र असलेली शाळा डिस्ट्रिक्टला आणखी एक वर्ष यादीत ठेवता येते. फक्त एकच वर्ष. पण त्यासाठी वेगळा पैसा येत नाही. बाकीच्या चार शाळांच्या वाट्यातून थोडं-थोडं काढावं लागतं.

ती डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाकडे, सुपरिंटेंडंटकडे गेली. चार मुख्याध्यापकांसमोर तिने दोन्ही बाजूंचे आकडे मांडले. कुणाचं किती कमी होईल, तेही लपवलं नाही. एक मुख्याध्यापिका म्हणाली, "माझ्या शाळेत साठ टक्के आहेत. मी का द्यायचं?" प्रश्न बरोबर होता. आश्लेषाने तो तसाच लिहून घेतला आणि त्या शाळेचा वाटा सोडून बाकीच्या तीन शाळांतून काढायचा हिशेब करून आणला. त्यामुळे विल्को रोडला पैसे कमी पडले. मिसेस कोवाल्स्की राहिल्या, पण पुढच्या वर्षी आठवड्यातून पाचऐवजी चारच दिवस. त्यांनी ते मान्य केलं. घरचा खर्च भागवायला त्या दर शनिवारी शिकवण्या घेऊ लागल्या.

नोव्हेंबरमध्ये शंतनूचा फोन आला. सुवर्णाने त्याला फॉर्मचं सांगून टाकलं होतं. शाळेला एक मूल कमी पडल्याचंही तोवर पालकांत सगळ्यांना कळलं होतं.

"मी चिडलो होतो तिच्यावर," तो म्हणाला. "दोन दिवस बोललो नाही."

"आणि आता?"

"आता बोलतोय. ताई, एक विचारायचं होतं. तो एक आकडा कमी पडला, तो आम्ही उशीर केला म्हणून तर नाही ना?"

"नाही. वेळेत आलेले सगळे फॉर्म बघूनच एक कमी पडला."

"बरं," तो म्हणाला. "बरं झालं विचारलं," म्हणून त्याने फोन ठेवला.

एप्रिलमध्ये शंतनूला ॲन आर्बरच्या एका हॉस्पिटलच्या आयटी विभागात नोकरी लागली. पगार पूर्वीपेक्षा कमी होता, पण मर्यादेच्या बराच वर. ऑगस्टमध्ये शाळा उघडण्याआधी पालकांची संध्याकाळ होती, तेव्हा सुवर्णा आश्लेषाजवळ आली.

"ताई, या वर्षी आमचा फॉर्म मोजण्यात येणार नाही. मी फॉर्मच्या टेबलापाशी बसू का?"

डेनिसने दारातच टेबल लावलं होतं. सुवर्णा तीन तास तिथे बसली. हिंदीत बोलली, मोडक्या तेलुगूत बोलली, इंग्रजीत बोलली. जेवणाचा विषय तिने काढलाच नाही. प्रत्येकाला कॉरिडॉरच्या टोकाची खोली दाखवून ती सांगायची, "तिथे वाचायला शिकवतात. या कागदावर ती खोली चालते. माझी मुलगी तिथे शिकली. गेल्या वर्षी मीही भरला होता." एक माणूस कोपऱ्यात उभा राहून बराच वेळ तिच्याकडे बघत होता. शेवटी तो आला आणि त्याने पेन मागून घेतलं.

त्या ऑक्टोबरला शाळेत चारशे पाच मुलं होती आणि मोजणीत एकशे एक्कावन्न आली. आश्लेषाने आकडा राज्याकडे पाठवला आणि मिसेस कोवाल्स्कींना फोन करून कळवलं की पुढच्या वर्षापासून पाचवा दिवस परत मिळेल. त्या म्हणाल्या, "मग शनिवारच्या शिकवणीच्या मुलांना आत्ताच सांगायला हवं, पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघा म्हणून."