लोणीपर्यंतची केबल

वासंतीबाईंनी व्हॅन घेतली तेव्हा खडकीच्या त्यांच्या सोसायटीत कुजबुज सुरू झाली. साठी उलटलेली बाई, आणि दारात ही लांबलचक गाडी! आत पलंग, पंखा, पलंगाखाली भल्यामोठ्या बॅटऱ्या. लोकांना वाटलं, निघाल्या हिमालयात. आणि जायचं कुठे होतं? लोणी काळभोरला! इथल्या इथे!

हसू नका. वासंतीबाईंच्या यजमानांना, बाळरावांना, फुप्फुसाच्या दुखण्याने गाठलं होतं. दिवसरात्र नाकाला ऑक्सिजनच्या मशीनची नळी, आणि मशीन विजेवर चालणारं. म्हणजे माणूस भिंतीतल्या प्लगला बांधलेला. त्यांची थोरली बहीण द्वारकाताई लोणीत, गुडघ्यांनी अंथरूण धरलेली. कैक भाऊबिजा फोनवरच झाल्या. अँब्युलन्स करू म्हटलं तर बाळराव म्हणाले, "अँब्युलन्समधून दारात उतरलो, तर ताई मला बघायच्या आधीच हंबरडा फोडेल." पुढे पुढे तर ते लोणीचं नावच काढेनासे झाले. कोणी विषय काढलाच, तर म्हणायचे, "बघू." या 'बघू'चा वासंतीबाईंना भयंकर राग यायचा.

लेक सलोनीची अट होती, "आधी गाडी जागेवर उभी करून मशीन दोन तास चालवून दाखवा. नाही चाललं तर विषय बंद."

चाचणीच्या दुपारी मशीन जेमतेम दहा मिनिटं चाललं. मग इन्व्हर्टर कोकलायला लागला आणि सगळं ठप्प. सलोनी सिलिंडर घेऊन तयारच होती, तिने झटकन नळी बदलली. बाळरावांना काही झालं नाही. पण लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"झालं समाधान? हेच हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये झालं असतं तर?"

वासंतीबाईंनी बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरला हात लावला. चांगलीच तापली होती. ही वायर त्यांचीच निवड. फ्लॅटचं वायरिंग नवं केलं तेव्हा उरलेलं भेंडोळं त्यांनी माळ्यावर जपलं होतं. दुकानदार बिचारा सांगत होता, पंचवीस चौरस मिलिमीटरची जाड केबल घ्या. पण समोरचा जास्त घ्या म्हणाला की पुणेकराला पहिला संशय येतो! 'गिऱ्हाईक बघून गळ्यात मारतोय,' असं ठरवून त्या तोऱ्यात घरी आल्या होत्या. एवढंसं ते मशीन, त्याची घरातली वायर करंगळीएवढीसुद्धा नाही, आणि गाडीत म्हणे अंगठ्याएवढी!

आता त्यांना रडू आवरेना. "चुकलं हो माझं. विकून टाकू गाडी."

"विकायचं काय त्यात?" पलंगावरून बाळराव खेकसले. "मोजायची टेप आण."

दोघी बघतच राहिल्या. दारूगोळा कारखान्यात जन्मभर ड्रॉइंग काढलेला हा माणूस, आजारपणात त्याने साधा बल्ब बदलण्यातही रस घेतला नव्हता.

"घरी दोनशे तीस व्होल्टवर हे मशीन दीड अँपिअर ओढतं," ते दम खात म्हणाले. "बॅटरी बारा व्होल्टची. तेवढंच काम करायला तिला तीस अँपिअर द्यावे लागतात. ते या सुतळीतून जातील कसे? व्होल्ट वाटेतच गळतात, आणि इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली. त्यात तू बॅटरी ठेवलीस मागे, इन्व्हर्टर पार ड्रायव्हरपाशी."

"तुम्हीच म्हणालात, तो डोळ्यासमोर हवा!"

"मी काय, काहीही म्हणतो. लांबी तरी किती धरलीस? नुसती जायची ना? करंटला परत यायलाही वायर लागते, बाई. म्हणजे दुप्पट. इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारी घे. मधे दुकानदार म्हणाला तीच केबल, हातभर पुरे. फ्यूज विसरू नकोस. इन्व्हर्टरपासून मशीनपर्यंत घरच्यासारखीच वीज, तिथे तुझं ते भेंडोळं खुशाल वापर."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. सलोनी रागावली, पण तिचे डोळे भरून आले होते. बाबा कित्येक महिन्यांनी कुणावर तरी खेकसले होते.

वासंतीबाई दुसऱ्याच दिवशी दुकानात गेल्या, केबल घेतली, तिच्या टोकांना तांब्याच्या टोप्या तिथेच दाबून बसवून आणल्या. दुकानदाराने विचारलं, "मागच्या वेळी नको होती ना?" "तेव्हा अक्कल नव्हती," असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

इन्व्हर्टर बॅटरीशेजारी हलवला, फ्यूज बसवला, आणि रविवारी सकाळी पुन्हा चाचणी. एक तास झाला, दोन झाले. इन्व्हर्टर गप्प. सलोनी दर थोड्या वेळाने केबल चाचपत होती, केबल गार. शेवटी ती उठून वर गेली. ती खाली आली ती भरलेला सिलिंडर आणि औषधांची पिशवी घेऊन, आणि मागच्या सीटवर बसली.

"बघता काय? मी येतेय बरोबर."

बाळरावांनी फोन लावला. स्पीकरवर द्वारकाताई ओरडल्या, "बाळ, बरा हायेस ना रं?"

"ताई, पिठलं टाकायला सांग."

पलीकडून बारीक आवाज आला, "कवा येतोस? का आपलं बघू?"

"निघालोय," बाळराव म्हणाले.

गाडी अजून सोसायटीतच उभी होती. वासंतीबाईंनी डोळे पुसले आणि किल्ली फिरवली.