अकराव्या प्रकरणातला ओढा

मी एक कादंबरी आहे. जंगलात वाट चुकलेल्या माणसाची. मला लिहिणाऱ्या बाईंची ही स्वतःची प्रत, म्हणजे मी, त्या दिवशी टेबलावर चहाच्या कपाखाली होते. लेखिकेच्या घरात तिच्या पुस्तकाला एवढाच मान असतो. बाई मटार सोलत होत्या. फोन वाजला. त्यांनी परात बाजूला ठेवून तो घेतला, बराच वेळ ऐकलं आणि "कधीपासून?" एवढंच विचारलं.

त्यांची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, मैत्रिणींबरोबर डोंगरात गेली होती. आदल्या दिवशी धुक्यात ती मागे राहिली, ती पुन्हा कुणाला दिसलीच नाही. तिच्या सॅकमध्ये माझी एक जुळी बहीण होती. कव्हर तेच, मजकूर तोच.

माझा जन्म रुग्णालयातला. बाईंचे यजमान आजारी होते. आयुष्यभर डोंगर पालथे घालून नकाशे काढणारा माणूस खाटेवर पडून वैतागला होता. बाई शेजारच्या खुर्चीत बसून मला लिहीत आणि संध्याकाळी वाचून दाखवत. ते काही गप्प ऐकून घेणारे नव्हते. ओल्या लाकडाचा धूर असा सरळ वर जात नाही, जमिनीलगत लोळतो, म्हणायचे. बिबट्या आला की पाखरं चिडीचूप कसली होतात, उलट कालवा करतात. बाई चिडायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. माझ्या पहिल्या दहा प्रकरणांत जंगल श्वास घेतं असं लोक म्हणतात. तो श्वास या भांडणांतून आला.

अकराव्या प्रकरणात माझ्या नायकाला एक ओढा सापडतो. त्याच्या काठाकाठाने तो खाली उतरतो आणि दुपारी गावात पोचतो. बाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा यजमानांनी एकही चूक काढली नाही. "बरं झालं, सुटला एकदाचा," म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. त्याच आठवड्यात ते गेले. बाईंनी ते प्रकरण पुन्हा उघडलं नाही. तसंच छापायला दिलं.

मग माझी उणीदुणी निघाली. एका परीक्षणात लिहिलं होतं, भूक आणि भीती अस्सल आहे, पण वाचकाचा जीव इतका वेळ टांगणीला लावून लेखिका शेवटी घाईने आपला हात सोडवून घेते. भाचीची तक्रार वेगळीच होती. नायक इतके दिवस जंगलात आहे आणि त्याला एकदाही शी लागत नाही, हे कसं, असं तिने मावशीला भर जेवणात विचारलं होतं. तरी माझी पारायणं तिनेच केली. ओढ्याचं पान तिने दुमडून ठेवलं होतं.

दुपारी बहीण आली. तिचे यजमान शोधपथकाबरोबर डोंगराच्या पायथ्याशी होते आणि तिला एकटीला घरात बसवेना. पथकाच्या प्रमुखाचा फोन तिलाच आला. माणसं थोडी, उजेड त्याहून थोडा. त्यांचा विचार वरच्या धारेवर, डोंगराच्या माथ्यावर, जायचा होता, कारण वाट चुकलेलं माणूस मोकळ्यावर, उंचावर जातं. खाली एक ओढा होता, पण तो पुढे थेट कड्यावरून कोसळतो. दोन्हीकडे जाणं अंधार पडायच्या आत शक्य नव्हतं.

बहिणीने फोन हाताने झाकला. "ताई, तिच्या डोक्यात जंगल तूच भरलंस. आता तूच सांग, कुठे जाईल ती?"

बाईंनी कप बाजूला केला आणि मला उचललं. उघडलं मात्र नाही. माझ्या पोटात काय आहे ते त्यांना पाठ होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणी उघडल्याशिवाय पुस्तकाला तोंड नसतं. त्यांचा अंदाज चुकला असता तर मुलगी वर धारेवर थंडीत राहिली असती आणि माणसं खाली पाण्यात शोधत बसली असती. अंदाज बरोबर असला, तर माझ्याच भरवशावर ती कड्याकडे गेली होती. एखाद्या वाचकाने आपल्यावर विश्वास ठेवला नसेल तर बरं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"ओढ्याने खाली गेली असेल," बाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"मी तसं लिहिलंय."

बहिणीने फोनवरचा हात काढून तेवढंच सांगितलं, कारण सांगितलं नाही.

नंतर ती मटार सोलायला बसली. दाणे आणि सालं एकाच परातीत पडत होती. बाई ते बघत होत्या. माझ्यावरची त्यांची बोटं ओली झाली होती.

उजेड जाता जाता फोन आला. सापडली. कड्याच्या अलीकडे एका खडकावर, घोटा मोडलेला, हाका मारून आवाज बसलेला.

पायाला प्लास्टर घालून भाची मावशीकडे आली तेव्हा आवाज परतला होता. "तुझा ओढा धादांत खोटा आहे," ती म्हणाली. "तिथे बसून तुझ्या नायकाला मी काय काय शिव्या घातल्यात, तू छापू नाही शकणार." दोघी हसल्या. मग ती हळूच म्हणाली, "पण मावशी, काकांनी ऐकलं होतं ना हे? त्यांना तर कळलं असणार."

बाईंनी तिच्या प्लास्टरखाली उशी सरकवली.

आता माझी दुसरी आवृत्ती निघायची आहे. अकरावं प्रकरण नवं देते, असं बाईंनी प्रकाशकाला स्वतःहून सांगितलं. काय लिहायचं ते त्यांना ठाऊक आहे. नायकाने कड्यापाशी थांबायला हवं, भुकेल्या पोटी आणखी एक रात्र काढायला हवी, कदाचित त्याहून जास्त. त्यामुळे मी चांगली कादंबरी होईन. त्या रोज मला उघडतात, नायकाला पाण्याचा आवाज येतो त्या ओळीपर्यंत वाचतात, पेनाचं टोपण काढतात, पुन्हा लावतात.

वाचकहो, मला जीव लावा, पण डोंगरात माझं ऐकू नका. वाट चुकलात तर आहात तिथेच थांबा.

अकरावं प्रकरण अजून लिहून झालेलं नाही.