बसल्या जागी वितळलेली चरबी

भाऊजींना अक्कल आहे, यावर घरात एकट्या सासूबाईंचा विश्वास होता, आणि त्यांनाही अलीकडे कमी दिसायचं.

वहिनी या घरात सून होऊन आली तेव्हा भाऊजी शाळेत होते आणि बुटाची लेस बांधायला तिच्यापुढे पाय करायचे. आता त्यांच्या नावामागे डॉक्टर लागलं होतं, विद्यापीठात व्यायामशास्त्राची प्रयोगशाळा होती. पाय पुढे करायची सवय मात्र गेली नव्हती.

भाऊजींचा एक सिद्धान्त होता. वजनं उचलली की शरीराची भट्टी पेटते आणि दुसऱ्या दिवशी माणूस नुसता बसला तरी चरबी वितळत राहते. व्यायामानंतर भट्टी थोडा वेळ कोमट राहते, हे त्यांच्या धंद्यातले सगळेच मानत. भाऊजींना त्या कोमट भट्टीवर अख्ख्या गावाचा स्वयंपाक करायचा होता. त्यासाठी त्यांनी पन्नाशीच्या आसपासच्या बायका गोळा केल्या आणि एक कमी पडली म्हणून वहिनीला धरलं.

"वहिनी, तू येच. तुझ्याकडे चरबी भरपूर आहे, आकडे छान येतील."

"आणि तुमच्या डोक्यातली कोण मोजणार?" असं म्हणून वहिनी गेली.

गेली आणि फसली. म्हणजे तिला ते लोखंड आवडलं. तळघरातली ती खोली, रबरी गाद्यांचा वास, हाताला लागणारी खडूची पांढरी भुकटी आणि जमिनीवर मुकाट पडलेला लोखंडी बार. जन्मभर तिने बादल्या उचलल्या, गाद्या उचलल्या, भरलेली पिंपं सरकवली. कुणी टाळी वाजवली नव्हती. इथे तिने पहिल्यांदा बार गुडघ्यावर आणला तेव्हा शेजारची शिवणकामवाली, जी एरवी मशीनवर मान मोडून बसायची, अशी ओरडली की वरून शिपाई धावत आला.

वजनकाटा मात्र ढिम्म हलेना. कुणाचाच. भाऊजींनी मग आपलं ब्रह्मास्त्र काढलं: हवाबंद खोली. तिच्यात एक पलंग, एक खुर्ची, एक काचेची खिडकी. नळीतून हवा आत, नळीतून बाहेर. बाईच्या श्वासावरून तिने किती ऊर्जा जाळली ते यंत्र सांगणार. वजनं उचलल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने आत स्वस्थ बसायचं. हालचाल पकडायला मनगटावर पट्टा. बायका आज्ञाधारकपणे बसल्या, आणि भट्टीची सगळी कमाई एका केळ्यात भरून निघेल इतकी निघाली.

वहिनीची पाळी आली. त्या सकाळी विद्यार्थ्यांसमोर तिला काट्यावर उभं करून भाऊजी म्हणाले, "या आमच्या वहिनी. यांची चरबी आमच्या घराण्याइतकीच जुनी आणि हट्टी."

विद्यार्थी हसले. गुण भाऊजींच्याच हातात होते ना.

वहिनीला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. दार बंद झालं आणि सुचलं. मग दुसरं सुचलं, पहिल्यापेक्षा झणझणीत. तिने खिडकीचा पडदा ओढला, मनगटाला खाजणारा पट्टा उशीखाली सारला आणि येरझारा घालायला लागली. त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत भाऊजी, परत जाताना भाऊजींना डोक्यावर चढवणारा नवरा, मग आत्येसासू, मग परत भाऊजी. संध्याकाळपर्यंत तिने सगळं घराणं धुऊन वाळत घातलं. हवाबंद खोलीची एक सोय असते, आवाज बाहेर जात नाही. निघताना पट्टा पुन्हा हातावर चढवला.

यंत्र म्हणत होतं, बाईने ढीगभर ऊर्जा जाळली. पट्टा म्हणत होता, बाई हललीच नाही. एखाद्या शहाण्याने बाईला विचारलं असतं. भाऊजी "सापडलं!" म्हणत व्हरांड्यातून पळाले.

रात्री जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. प्रयोगशाळा ठेवायची की बंद करायची ते ठरवायला समिती येणार होती. प्रयोगशाळा गेली की तळघरही गेलं. "सगळं तुझ्या आकड्यावर उभं आहे, वहिनी."

"भाऊजी, त्या दिवशी खोलीत मी..."

"तू काही बोलू नकोस. समितीपुढे नुसती बस. तुला बसता येतं हे आता सिद्धच झालंय."

वहिनीने त्यांच्या पानात भाकरी वाढली. भाऊजींची तिला पैइतकीही पर्वा नव्हती. पण तळघरातल्या त्या खोलीला कुलूप लागणार, हे तिला सोसवेना. शिवणकामवाली तर म्हणाली, "राहू दे की तुझ्या दिराला हवेत! आपली खोली राहतेय ना?" वहिनीला ते पटलं, आणि पटलं म्हणून स्वतःचीही किळस आली.

समितीच्या दिवशी पडद्यावर वहिनीचा फोटो झळकला. भाऊजी रंगात आले होते. चालायची गरज नाही, जेवण मोजायची गरज नाही. बायकांनी वजनं उचलावीत आणि दुसऱ्या दिवशी खुशाल बसावं! समितीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि वहिनीकडे वळल्या.

"ताई, त्या दिवशी खोलीत तुम्ही खरंच नुसत्या बसून होतात?"

शिवणकामवालीने चिमटा काढला. वहिनीने भाऊजींकडे पाहिलं. ते तिला मान हलवून दाखवत होते: अशी, अशी हलव. लहान मुलाला औषध पाजताना आपण आपलंच तोंड उघडतो, तसं. तिथेच बिनसलं.

"येरझारा घालत होते."

"आणि पट्टा?"

"तो उशीखाली आराम करत होता."

"दिवसभर येरझारा? कशाला हो?"

"दिराला शिव्या द्यायला, बाई. बसून नीट जमत नाही."

डॉक्टरीणबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. भाऊजी पांढरे पडले. "वहिनी! आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायला तोंड उघडलं होतं. तुम्ही बस म्हणालात." मग ती समितीकडे वळली. "चरबी नाही गेली माझी, खरंय. पण सासूबाईंना पलंगावरून खुर्चीत मी आता एकटी बसवते. ते लिहा की कुठेतरी."

"तो या अभ्यासाचा विषय नाही," टाय लावलेले एक सदस्य म्हणाले. नासलेल्या दुधाकडे पाहावं तसं वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं.

प्रयोगशाळा बंद झाली. सामान भंगारात निघालं. भाऊजी घरात कुणाशी बोलेनात, तेव्हा वहिनीच त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "रुसून झालं की टेम्पो सांगा. बार आणि त्याच्या लोखंडी प्लेटा आपल्या घरी आणायच्यात."

टेम्पो घरापाशी आला. वहिनी आणि शिवणकामवालीने बार दोन टोकांना धरून जिन्याच्या वळणांवरून वर नेला, मग एकेक करून प्लेटा. भाऊजींनी मोठ्या उत्साहाने एक प्लेट उचलली आणि पहिल्याच वळणावर तिला मांडीवर घेऊन बसले. तोंड विटेसारखं लाल.

"वहिनी, याचं शास्त्रीय कारण असं की..."

"बोलू नका. त्यानेही दम लागतो."

तिने प्लेट त्यांच्या मांडीवरून उचलून काखेला लावली. "उठा आता. पाठ सरळ. कठड्याला धरायचं नाही, पायांवर जोर द्या. हां. उद्यापासून सकाळी यायचं."

"परवापासून येतो."

"उद्या," वहिनी म्हणाली आणि पुढे चालू लागली.